होझियानं मोडलेली जोडी

होझिया नॅनकॅरो हा आमच्या लिडिया गावातून पार्लमेंटात निवडून गेलेला पहिला खाणकामगार. ॲडलेडच्या त्या सभागृहात तो जेमतेम दीड वर्ष होता. गावातल्या म्हाताऱ्यांना त्याच्याबद्दल विचारलं, तर ते एका गुरुवारची दोन मिनिटं तेवढी सांगतात. मला तो त्याच्या आधीचाही आठवतो आणि नंतरचाही. मी या गावच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. त्याचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत होतं.

तो खाणीत लाकडं बसवायचा. तांब्याची शीर खोदत माणसं पुढं सरकली, की मागं मोकळं झालेलं छत तोलून धरायला निलगिरीचे सोट उभे करून पाचरी ठोकाव्या लागतात. सोट उभा करणं कुणालाही जमतं, पाचर नेमकी बसवणं मात्र थोड्यांनाच. होझिया पाचर ठोकून झाली की तळहात सोटावर ठेवून थोडा वेळ उभा राहायचा. मग म्हणायचा, "जा." एवढ्या एका शब्दावर चाळीस माणसं त्या छताखालून जायची. तो ज्या दिवशी "थांबा" म्हणायचा, त्या दिवशी कुणी कितीही घाई केली, शिव्या दिल्या, तरी तो हलायचा नाही. "शिव्या दे, पण बाहेरून दे," म्हणायचा.

रविवारी तो चॅपलमध्ये प्रवचन करायचा. आमच्या मेथडिस्ट लोकांत पाद्री फिरता असतो, महिन्यातून एकदा येतो. बाकीच्या रविवारी गावातलीच माणसं व्यासपीठावर उभी राहतात. कुणी कुठल्या रविवारी बोलायचं, त्याचा तीन महिन्यांचा तक्ता छापून चॅपलच्या दारात लावतात. त्या तक्त्यात होझियाचं नाव बावीस वर्षं होतं. तो चांगला वक्ता नव्हता. मध्येच थांबायचा आणि पुढचा शब्द सापडेपर्यंत लोकांकडं बघत राहायचा. पण तो बोलत असताना कुणी डुलक्या घेत नसे.

आमच्या मुलखात नदी नाही. पावसाचं पाणी छपरावरून उतरवून जमिनीतल्या टाक्यांत साठवायचं आणि वर्षभर पुरवायचं. आमच्याकडं उन्हाळा नाताळात सुरू होतो; डिसेंबर संपला की टाकीच्या तळाला गढूळ पाणी उरतं. मग ताप सुरू व्हायचा. पहिल्यांदा लहान मुलांना धरायचा. कडक उन्हाळ्यात माझ्या वर्गातले बाक मधूनमधून रिकामे दिसायला लागायचे, आणि मुलं एकमेकांना सरकून जागा भरायची. कुणी त्यावर बोलत नसे. होझिया आणि त्याची बायको थर्झा यांची दोन मुलं, जोएल आणि ऑनर, एकाच फेब्रुवारीत अकरा दिवसांच्या अंतरानं गेली. त्यांना तिसरं मूल झालं नाही.

उत्तरेकडं साठ मैलांवर डोंगर आहेत, तिथं बारमाही ओढा आहे. त्याला बांध घालून नळानं पाणी आणावं, ही मागणी आमच्या गावाची जुनी होती. सरकारनं सभासदांना मानधन द्यायला नुकती सुरुवात केली होती. त्यामुळं खाणीतल्या माणसालाही निवडणुकीला उभं राहणं शक्य झालं. खाणीचा कॅप्टन, म्हणजे मुख्य मुकादम, रॉस्किअर, जो चॅपलचा कारभारीही होता, त्यानं सभेत होझियाचं नाव सुचवलं.

"मला बोलता येत नाही, कॅप्टन," होझिया म्हणाला.

"म्हणूनच तर," रॉस्किअर म्हणाला. "बोलणारे पाठवून बघितले. ते तिकडं जाऊन तिकडचंच बोलायला लागतात."

मागून कुणीतरी ओरडलं, "होझिया, तिकडं मऊ गाद्या असतात म्हणे. बसून बसून गंज चढेल तुला."

"चढला तर इकडं येऊन घासून काढू," होझिया म्हणाला. एवढंच त्याचं निवडणुकीचं भाषण. तो मोठ्या फरकानं निवडून आला.

पहिलं वर्ष तो कायम मागच्या बाकावर बसला. सुट्टीत घरी आला की थर्झा त्याच्यासाठी मांस-बटाट्याची पेस्टी करून ठेवायची आणि तो ती रुमालात धरून खाणीतल्यासारखी खायचा. मी विचारलं, "तिकडं काय असतं जेवायला?"

"पुष्कळ असतं, मास्तर. पण काट्यानं खायचं म्हणजे माणूस जेवतोय की सुई टोचतोय, कळत नाही."

पार्लमेंटात एक रिवाज असतो. एखाद्या सभासदाला घरी जावं लागलं, आणि त्याच्या गैरहजेरीमुळं त्याच्या बाजूचं मत कमी पडू नये असं वाटलं, तर तो विरुद्ध बाजूच्या एका सभासदाशी जोडी बांधतो. मी नाही तोवर तुम्हीही मत द्यायचं नाही, असं ठरतं. दोन्हीकडचं एकेक मत कमी होतं, तोल तसाच राहतो. याला कायदा नाही, कागद नाही. हातात हात दिला की झालं.

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मेल्डरम नावाचा सभासद होझियाकडं आला. मेल्डरम उत्तरेकडच्या मेंढपाळांचा प्रतिनिधी. स्वतःच्याही हजारो मेंढ्या. वयानं साठीचा, उंच, कमी बोलणारा. नळाच्या योजनेला त्याचा कायम विरोध असायचा, आणि त्याला कारणही होतं. बांध ज्या ओढ्यावर घालायचा, त्याच ओढ्याचं पाणी त्याच्या मतदारांच्या कुरणांना मिळायचं. सभागृहात दोन्ही बाजू इतक्या जवळजवळ होत्या, की त्या आठवड्यात कुणीही जोडी बांधायला तयार नव्हतं. मेल्डरम चार जणांकडं जाऊन आला होता.

"माझी बायको आजारी आहे," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, यायचं तर आत्ता या."

"मग जा," होझिया म्हणाला.

"जोडी द्याल?"

"देतो."

"किती दिवस?"

"तुम्ही परत येईपर्यंत."

दोघांनी हात मिळवले. मेल्डरम त्याच दुपारच्या गाडीनं गेला. शहाण्या सभासदानं अशा वेळी विषय आणि तारीख ठरवून घेतली असती. अमुक विधेयकापुरती, अमुक दिवसापर्यंत. होझियाला हे माहीत होतं, कारण त्यानं इतरांना तसं करताना पाहिलं होतं. पण खाणीतल्या माणसानं, अमुक तासापर्यंत माझी पाचर टिकेल, असं कधी सांगितलंय का? बायकोपाशी निघालेल्या माणसाशी त्याला असल्या अटी घालवेनात. नळाचं विधेयक नाताळनंतर येणार होतं. तोवर मेल्डरम परत आला असता.

पाच दिवसांनी सरकार डळमळू लागलं, आणि मंत्र्यांनी घाईघाईनं नळाचं विधेयक पुढं आणलं. मतदान गुरुवारी ठरलं. होझियाला मंगळवारी सकाळी कळलं. तो तडक तारघरात गेला आणि मेल्डरमला तार केली: पाण्याचं मतदान गुरुवारी. जोडीतून मोकळं करावं ही विनंती. नॅनकॅरो.

बुधवारी उत्तर आलं नाही. गुरुवारी सकाळीही नाही. मेल्डरमचं घर तिकडच्या तारघरापासून तीस मैल आत होतं.

सरकारच्या बाजूची डोकी मोजायचं काम स्पर्लिंग नावाच्या सभासदाकडं होतं. तो गुरुवारी दुपारी होझियाला ग्रंथालयात गाठून म्हणाला, "चोवीस-चोवीस आहे. बरोबरी झाली की सभापती जुनंच चालू ठेवतात, रिवाज आहे. तुम्ही आत आलात तर पंचवीस."

"माझी जोडी आहे."

"मेल्डरमशी. ठाऊक आहे. पण जोडी त्या वेळच्या कामासाठी होती. हे काम तेव्हा नव्हतंच."

"मी 'परत येईपर्यंत' म्हणालो होतो."

"कुणी ऐकलं?"

"त्यानं."

स्पर्लिंग खुर्ची ओढून जवळ बसला. तो वाईट माणूस नव्हता. होझियानं मला पुढं हे सगळं सांगितलं, तेव्हा त्यानंही त्याला वाईट म्हटलं नाही. स्पर्लिंग म्हणाला, "नॅनकॅरो, तुम्हाला तुमच्या गावानं इथं कशासाठी पाठवलं? हे आज पडलं तर सरकारही पडेल. पुढचं सरकार हे कधी आणेल सांगता येत नाही. चार वर्षं. सहा वर्षं. तुमच्याकडं एका उन्हाळ्यात किती मुलं जातात?"

होझियानं आकडा सांगितला. गेल्या उन्हाळ्यात एकवीस.

"मग गुणाकार तुम्हीच करा," असं म्हणून स्पर्लिंग उठून गेला.

संध्याकाळी पाच वाजता घंटा वाजली. मतदानाची घंटा झाली की सभापतींसमोरच्या मेजावर वाळूचं घड्याळ उलटं करतात. वाळू दोन मिनिटं गळते. तेवढ्यात आत यायचं. मग दारं लावून घेतात. होझिया ग्रंथालयात बसला होता. त्यानं आत न जायचं ठरवलं होतं. तसं त्यानं बुधवारी थर्झाला पत्रातही लिहिलं होतं. ते पत्र मी पाहिलं आहे. 'मी शब्द दिला आहे आणि तो मी पाळीन. तू मला समजून घेशील की नाही मला माहीत नाही.'

तो उठला, ग्रंथालयाच्या दारातून बाहेर पडला, ओसरी ओलांडली आणि सभागृहात जाऊन उजव्या बाजूला, 'हो' म्हणणाऱ्यांत बसला. त्याच्यामागं दार लागलं. पंचवीस विरुद्ध चोवीस.

गावात पुढं कौतुकानं सांगायचे की मुलांच्या आठवणीनं त्याचे पाय आपोआप वळले. एकदा माझ्यादेखत कुणीतरी असं म्हणालं, तेव्हा होझियानं त्याला मध्येच थांबवलं. "पाय बिय काही वळले नाहीत. मी गेलो. मला पुरतं ठाऊक होतं मी कुठं चाललोय."

लिडियात ती बातमी रात्री तारेनं आली. खाणीचे भोंगे वाजले, चॅपलमध्ये गाणी झाली, बायकांनी केशराचे केक वाटले. होझिया गावात आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो उत्तरेला गेला. वर्तमानपत्र पोचायच्या आत मेल्डरमला स्वतः सांगायचं, एवढं त्याच्या मनात होतं. शेवटच्या स्टेशनवर त्यानं घोडा भाड्यानं घेतला. खाणीतला माणूस, घोड्यावर बसायची सवय नाही. तीस मैल जायला त्याला दिवस मावळला.

मेल्डरम अंगणात उभा होता. दंडाला काळी फीत होती. बायको बुधवारी गेली होती, शुक्रवारी सकाळी घरामागच्या माळावर तिला पुरलं होतं. होझिया घोड्यावरून उतरला. त्यानं टोपी काढली. सांत्वनाचे दोन शब्द आधी बोलावेत की नाही, हे त्याला ठरवता येईना. आपण जे सांगायला आलो ते मागं ठेवून तसं बोलणं त्याला खोटं वाटलं.

"मी जोडी मोडली," तो म्हणाला. "काल. पाण्यावर."

मेल्डरमनं विचारलं, "कितीनं?"

"एकानं."

"मी तिथं असतो तर?"

"पंचवीस-पंचवीस. सभापती विरोधात."

"म्हणजे पडलं असतं."

"हो."

"तुमची तार मिळाली होती," मेल्डरम म्हणाला. "बुधवारी दुपारी. ती गेल्यावर तासाभरानं. मी उत्तर लिहिलं होतं. 'नाही' असं लिहिलं होतं. घेऊन जायला माणूस नव्हता. सगळे शवपेटीच्या लाकडामागं होते."

होझिया उभाच होता.

"मी चौघांकडं जोडी मागितली," मेल्डरम म्हणाला. "चौघांनी नाही म्हटलं. मी त्यांच्यावर रागावलो नाही. तुम्हीही नाही म्हणाला असतात, तर मी गेलो नसतो, किंवा मत सोडून गेलो असतो. ते माझं मी ठरवलं असतं. तुम्ही हो म्हणालात."

"हो."

"ओढ्याकाठी माझे तीस-बत्तीस मतदार आहेत. त्यांना मी काय सांगू? मी बायकोपाशी होतो म्हणून तुमचं पाणी गेलं?"

मेल्डरमनं नोकराला हाक मारून घोड्याला चारा घालायला सांगितलं, पाहुण्याला खोली आणि जेवण द्यायला सांगितलं, आणि तो आत गेला. सकाळी होझिया निघाला तेव्हा तो बाहेर आला नाही. होझियानं जाताना हात मिळवायला त्याला बाहेर बोलावलं नाही. "बोलवायला तोंड नव्हतं," तो मला म्हणाला.

मेल्डरमनं पार्लमेंटात याबद्दल कधीच तक्रार केली नाही. त्याच्या बाजूच्या लोकांनी त्याला बोलायला उभं करायचा पुष्कळ प्रयत्न केला. तो एवढंच म्हणाला, "मी त्या दिवशी इथं नव्हतो." त्यामुळं ती गोष्ट तिथंच मिटली असती. पण पंधरवड्यानं होझियानं सभापतींना राजीनामा पाठवला, आणि त्यात कारण लिहिलं: मी एका सभासदाला जोडीचा शब्द दिला होता आणि तो मोडून मत दिलं, म्हणून या जागेवर बसण्याचा मला हक्क नाही.

ते पत्र वर्तमानपत्रात आलं आणि गाव खवळलं. कॅप्टन रॉस्किअर संध्याकाळी त्याच्या घरी आला. मी तिथंच बसलो होतो.

"हे काय मांडलंयस?" रॉस्किअर म्हणाला. "तुझ्यामुळं पाणी येणार आणि तूच त्यावर थुंकतोयस?"

"पाण्यावर नाही."

"मग कशावर? उद्या पोरं नळाखाली ओंजळ धरतील, त्यांना काय सांगायचं? चोरीचं आहे म्हणून?"

"त्यांना कशाला सांगायचं? पोरं आहेत ती."

"तुला मोठेपणा पाहिजे, होझिया. पाणीही तुझं आणि पश्चात्तापही तुझाच."

ते होझियाला लागलं. त्यानं पुढ्यातला चहा बाजूला सारला. मग म्हणाला, "असेल तसंही. पण कॅप्टन, मी उद्या खाली जाऊन पाचर बसवली आणि 'जा' म्हणालो, तर माणसं जातील का?"

"न जायला काय झालं?"

"मेल्डरमही गेला होता ना."

रॉस्किअर उठला. दारात थर्झाला म्हणाला, "तू तरी समजाव त्याला."

"तो काय लहान आहे?" थर्झा म्हणाली. "आणि कॅप्टन, माझ्या घरात येऊन आवाज चढवायचा नाही. चढवायचा तर खाणीत चढवा."

होझिया परत खाणीत कामाला लागला. माणसं त्याच्या शब्दावर पूर्वीसारखीच जायची. त्यांच्या मनात कधी काही आलं नाही. होझिया मात्र आता "जा" म्हटलं की सगळ्यांच्या आधी स्वतः त्या छताखालून जायचा. चॅपलच्या दारातला तक्ता बदलायची वेळ आली तेव्हा त्यानं आपलं नाव काढायला सांगितलं.

नळ यायला दोन वर्षं लागली. पाणी आलं त्या दिवशी मंत्री आले, बँड होता. होझिया गर्दीत होता. व्यासपीठावर चल म्हणून लोकांनी आग्रह केला, तर तो हात सोडवून घेऊन थर्झाबरोबर बादली घेऊन रांगेत उभा राहिला. पुढं गावात अशी गोष्ट पसरली, की होझिया ते पाणी कधी प्यायलाच नाही. मी शेजारी होतो, मला माहीत आहे. तो ते पाणी रोज प्यायचा, त्याच पाण्याचा चहा प्यायचा, आणि उन्हाळ्यात वाफ्यातल्या कांद्यांनाही तेच घालायचा.

ताप लगेच बंद झाला नाही. जुन्या टाक्या बुजवायला वेळ लागला. पण पहिल्या उन्हाळ्यात नऊ मुलं गेली, दुसऱ्यात चार. तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातलं एकही गेलं नाही. शाळा सुटल्यावर तो कधीकधी कुंपणापाशी उभा राहून मुलं बाहेर पडताना बघायचा. मी एकदा त्याला तो आकडा सांगितला. त्यानं मान हलवली, आणि कुंपणाची एक पट्टी सैल झाली होती तिच्याकडं बोट दाखवून म्हणाला, "उद्या खिळा घेऊन येतो."

त्या वर्षी रॉस्किअरनं पुन्हा त्याला व्यासपीठावर यायची विनंती केली. या खेपेला तो हळू बोलला. "बंधू नॅनकॅरो, चार वर्षं झाली. देवानं क्षमा केली असेल."

"देवाचं देव बघेल," होझिया म्हणाला. "पण मी तिथं उभा राहून काय सांगू? शब्द पाळा म्हणू? ते मला म्हणता येत नाही. पोरांसाठी मोडला तरी चालतो म्हणू? तेही तोंडातून निघत नाही. दोन्ही अडकून बसलंय."

तो शेवटपर्यंत मागच्या बाकावरच बसला.

मेल्डरम पुढं दोन निवडणुका जिंकला आणि मग मेंढ्या विकून इंग्लंडला गेला. होझिया त्याला दर वर्षी एक पत्र लिहायचा. नाताळाच्या सुमाराला, चार ओळींचं. त्यात माफी मागितलेली नसे. त्या वर्षी गावात तापानं किती मुलं गेली, तेवढं असे. उत्तर कधी आलं नाही. पत्रं परतही आली नाहीत.

खाणीतल्या धुळीनं होझियाची छाती गेली. शेवटचा हिवाळा तो अंथरुणावरच होता. मी संध्याकाळी जाऊन बसत असे. एका संध्याकाळी थर्झा दुधाचा पेला घेऊन आली, तेव्हा त्यानं तिला विचारलं. त्यानं हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

"थर्झा, मी केलं ते बरोबर केलं का?"

तिनं पेला खाली ठेवला. "मला नको विचारू. मी जोएल-ऑनरची आई आहे. तू आत गेला नसतास, तर मी तुझं तोंड बघितलं असतं की नाही, मलाच माहीत नाही. माझं उत्तर कसं चालेल?"

"मग कुणाला विचारू?"

"ज्याला शब्द दिलास त्याला."

"तो सांगत नाही."

"मग नाहीच कळायचं," ती म्हणाली. तिनं त्याच्या मानेखाली हात घालून त्याला वर उचललं. "दूध गार होतंय. घे."

तो थोडं थोडं करून सगळं प्यायला.